रेवती मोलियरच्या घरात नव्हती

गोविंद बल्लाळ देवलांनी सात नाटके लिहिली आणि त्यांतली सहा दुसऱ्यांची होती, हे वाक्य आता इतके सरसकट बोलले जाते की ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. परिसंवादात ते ऐकू येते, नाट्येतिहासाच्या तासाला ऐकू येते. पाठोपाठ दुसरे वाक्य येते: उरले एक ‘शारदा’, तेही जरठ-कुमारी विवाहाविरुद्धचे प्रचारनाट्य, कायदा झाला आणि त्याचे काम संपले. मग तिसरे येते: पदे गोड आहेत म्हणून नाव टिकले. या तीन वाक्यांत देवलांचा निकाल लागतो. मला तिन्ही वाक्ये चुकीची वाटतात. का, ते सांगायचे तर या नाटकांमागच्या गोष्टींपर्यंत जायला हवे, कारण आक्षेप घेणारे त्या गोष्टींचे नाव घेतात आणि दारातूनच परततात.

हिशेब खरा आहे, तो नाकारायचे कारण नाही. १८८६ चे ‘दुर्गा’ इंग्रजी ‘इझाबेला’वरून आले. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचे. १८९० चा ‘झुंजारराव’ म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो. ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तून निघाले. १८९३ चे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ पुढे पदांसह ‘संशयकल्लोळ’ झाले. ते आर्थर मर्फीच्या १७६१ मधल्या ‘ऑल इन द राँग’वरून घेतलेले, आणि मर्फीने ते मोलियरच्या १६६० च्या ‘स्गानारेल’वरून उचललेले. ‘शारदा’ तेवढी देवलांची स्वतःची.

आता याच मापाने इतरांनाही मोजू. ऑथेल्लोची गोष्ट शेक्सपिअरने चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या १५६५ मधल्या कथासंग्रहातून घेतली. त्या कथेत नायिका सोडून कोणालाही नाव नाही; मूर, निशाणबरदार, कप्तान अशी नुसती ओळख आहे. निशाणबरदाराचे नायिकेवर मन बसते, ती दाद देत नाही, म्हणून तो सूड घेतो. खून होतो तो वाळूने भरलेल्या मोज्याने, आणि मग छत पाडून अपघाताचा देखावा उभा केला जातो. रुमालाची युक्तीसुद्धा चिंथिओचीच आहे. ‘इझाबेला’ हे गॅरिकने १७५७ मध्ये सदर्नच्या ‘द फेटल मॅरेज’ची काटछाट करून बसवलेले नाटक, सदर्नने ते अ‍ॅफ्रा बेन या लेखिकेच्या कथेवर रचले होते. ‘मृच्छकटिका’चे पहिले चार अंक भासाच्या नावावर सापडलेल्या ‘चारुदत्त’ नाटकाशी प्रसंगाला प्रसंग जुळतात. पुरूरवा आणि उर्वशी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात बोलतात, आणि तिथे ती त्याला सोडून जाते. त्यांचा संसार कालिदासाने जुळवून दिला. ‘कादंबरी’चे बीज गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’तले, आणि परंपरा गुणाढ्याला प्रतिष्ठानच्या सातवाहन दरबारात बसवते. म्हणजे पैठणहून निघालेली एक गोष्ट बाणाच्या हातून फिरत फिरत हरिपूरच्या देवलांपर्यंत आली.

तेव्हा गोष्ट मुळात कोणाची, हा नाटककाराच्या थोरवीचा निकष धरला तर देवलांबरोबर शेक्सपिअर, कालिदास, शूद्रक आणि मोलियर असे सगळेच बाद होतात. हे कोणालाच मान्य नसणार. मग देवलांच्या वेळीच हा निकष का पुढे येतो?

यावर एक सावध उत्तर मिळते, आणि त्याचा मान ठेवून विचार केला पाहिजे. शेक्सपिअरने घेतलेली गोष्ट पार बदलून टाकली, देवलांनी फक्त पात्रांना धोतर नेसवले आणि नथ घातली, असे ते उत्तर. हा आक्षेप खरा गंभीर आहे. त्याचा निवाडा नाटके शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय होत नाही, आणि नेमके तेच कोणी करत नाही.

‘संशयकल्लोळ’च घेऊ, कारण ते सर्वांत सरळ उसने मानले जाते. मोलियरच्या नाटकातली सेली ही एका मध्यमवर्गीय बापाची मुलगी. तिचे लेलीवर प्रेम. बापाला जास्त पैसेवाला जावई हवा. ती भोवळ येऊन पडते, तिच्याकडची लेलीची तसबीर खाली पडते. शेजारचा स्गानारेल तिला सावरायला धावतो, ते त्याची बायको खिडकीतून पाहते. ती खाली येते तोवर दोघे गेलेले असतात. तसबीर मात्र तिला सापडते आणि ती ती न्याहाळत उभी राहते. तिला तसे पाहून नवऱ्याच्या मनात संशय शिरतो. मग तसबीर लेलीला स्गानारेलच्या हातात दिसते, आणि संशयाचे वर्तुळ पुरे होते. मर्फीने हा सांगाडा मोठा करून पाच अंकांचा केला. त्याची बेलिंडासुद्धा चांगल्या घरातली, आणि तिथेही आडवा येणारा बापच.

देवलांनी सांगाडा ठेवला. भोवळ, तसबीर, परका पुरुष, पाहणारी बायको, सगळे जागच्या जागी आहे. पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावे देऊन त्यांनी घोटाळ्याला पंचांगाची शिस्तही लावली. एक गोष्ट मात्र मुळापासून बदलली, आणि त्या बदलाने नाटकाचा जीवच पालटला. देवलांची रेवती ही मघा नायकिणीच्या घरची मुलगी आहे. तिला आडवा यायला बाप नाही. तिच्या आड येते ते तिचे जन्मघर.

या एका बदलाचा परिणाम किती दूर जातो ते पाहा. सेलीवर लेलीला संशय येतो तेव्हा तो गैरसमज असतो. तो फिटला की पहिल्यासारखे होते. सेलीच्या चारित्र्याबद्दल गावाचे आधीपासूनचे काही मत नसते. रेवतीच्या प्रियकराला, अश्विनशेटला, आपली तसबीर परक्या पुरुषाच्या हाती दिसते तेव्हा त्याच्या मनात जे उठते ते एकट्या तसबिरीमुळे उठत नाही. कलावंतिणीची मुलगी आज याची, उद्या त्याची, हे गावाने त्याच्या कानावर लहानपणापासून घातलेले आहे. तसबीर ही त्या ऐकीव गोष्टीला मिळालेली साक्ष ठरते. रेवतीने लग्नाची, एका माणसाच्या घरात बायको म्हणून नांदण्याची इच्छा धरली आहे, आणि त्या इच्छेला आधार म्हणून तिच्याजवळ फक्त अश्विनशेटचा विश्वास आहे. तोच डळमळला तर तिला परत जायला एकच दार उरते. प्रेक्षक हसत असतात तेव्हाही हे दार त्यांना दिसत असते. म्हणून रेवतीच्या प्रवेशांत हसू एकदम थांबते आणि पुढच्या क्षणी संशयी नवरा फाल्गुनराव आला की पुन्हा उसळते. मोलियरच्या एकांकी प्रहसनात असा थांबा कुठेही नाही. त्याला तो नकोही होता.

हे देवलांना सुचले कुठून, याचे उत्तर त्यांच्याच कामात आहे. ‘फाल्गुनराव’च्या आधी त्यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले होते. वसंतसेना ही गणिका; तिचे मन चारुदत्तावर; आणि नाटकाच्या शेवटी नव्या राजाच्या आज्ञेने तिला वधूपद मिळते. वसंतसेनेच्या प्रत्येक वाक्याला मराठी शब्द शोधत ज्याने महिने काढले, तिच्या आशेचे वजन ज्याच्या हाताला कळले होते, त्याने पुढे एक फ्रेंच-इंग्रजी प्रहसन हाती घेतले आणि त्याच्या मधोमध वसंतसेनेची ती आशा ठेवून दिली. फरक इतकाच की रेवतीला वधूपद देणारा राजा नाही. १८९३ च्या महाराष्ट्रात असा राजा नव्हता. ते पद एका शेटजीच्या मनातूनच मिळायचे होते, आणि ते मन संशयी होते. शूद्रक आणि मोलियर यांची अशी गाठ युरोपातल्या कोणी घातली नव्हती आणि संस्कृतातही कोणी घातली नव्हती. ज्याला आपण उसनवारी म्हणतो ती इथे दोन परंपरांना एका घरात नांदवणारी निर्मिती आहे. गोव्यात, जिथे कलावंत समाजाने विसाव्या शतकात स्वतःची संघटना उभारून जुने जिणे नाकारले, तिथेही हे नाटक आवडीने केले जाते. रेवतीची धडपड तिथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही.

‘दुर्गा’चेही थोडक्यात असेच. नवरा मेला असे समजून दुसरे लग्न केलेल्या बाईचा पहिला नवरा सात वर्षांनी परत येतो, ही सदर्नची गोष्ट लंडनच्या प्रेक्षकाला केवळ दैवदुर्विलास वाटत असेल. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला तरी असे लग्न करणाऱ्यांना वाळीत टाकणाऱ्या समाजात, १८८६ साली, तीच गोष्ट रंगमंचावर आणली की तिचा अर्थ निराळा होतो. विधवेने पुन्हा संसार मांडणे हेच जिथे धाडस, तिथे त्या संसाराचे काय होते हे प्रेक्षक श्वास रोखून पाहणार. देवलांनी गोष्ट निवडली तेव्हा हे त्यांना ठाऊक होते असे मी ठामपणे म्हणतो, कारण त्यांच्या निवडी एका ओळीत लावल्या तर दुर्गा, वसंतसेना, ‘झुंजारराव’मधली कमळजा, रेवती, शारदा अशी बायकांचीच रांग उभी राहते. प्रत्येकीचे भवितव्य पुरुषांच्या समजुतीवर, लोभावर किंवा संशयावर टांगलेले आहे. सहा ठिकाणांहून घेतलेल्या गोष्टींत एकच धागा सापडतो, तेव्हा तो धागा घेणाऱ्याचा असतो.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्या काळात रूपांतर करणारे देवल एकटे नव्हते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला होता. विष्णु मोरेश्वर महाजनींनी ‘सिंबेलाइन’वरून ‘तारा’ रचले. आगरकरांसारख्या बुद्धिमान माणसाने १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. ही सगळी कामे आदराने वाचण्यासारखी आहेत, आणि आज ती अभ्यासकाच्या टेबलावरच सापडतात. मूळ गोष्टीच्या बळावर नाटक टिकत असते, तर शेक्सपिअरच्या बळावर ‘तारा’ आणि ‘विकारविलसित’ अजून रंगमंचावर दिसली असती, आणि मर्फीच्या प्रहसनावरचे ‘संशयकल्लोळ’ मागे पडले असते. झाले उलट. इंग्रजी प्रेक्षकाला आज मर्फी फारसा आठवत नाही; त्याचे मराठी नाटक शंभर वर्षे उलटून गेल्यावर राहुल देशपांडे आणि प्रशांत दामले यांनी पुन्हा उभे केले आणि लोकांनी तिकिटे काढून पाहिले. या टिकण्याचे श्रेय लंडनला किंवा पॅरिसला देता येत नाही.

इथे पदांचा मुद्दा निघतो. ‘संशयकल्लोळ’ गाण्यांमुळे टिकले, असे म्हणणाऱ्यांनी एक साधी गोष्ट पाहावी. पदांसह हे नाटक १९१६ मध्ये आले, देवल गेले त्याच वर्षी. त्याआधी दोन तपे ते ‘फाल्गुनराव’ या नावाने, गद्य रूपात, मराठीत होते. आणि पदे आल्यावरही नाटकाचा कणा राहिला तो फाल्गुनराव, जी मुख्यतः गद्य भूमिका आहे. गणपतराव बोडसांचे नाव या नाटकाशी जोडले गेले ते त्याच भूमिकेमुळे. गायक नटांच्या राज्यात, बालगंधर्वांच्या कंपनीत, न गाणारे पात्र नाटक तोलून धरते ही संवादांची करामत आहे. दुसऱ्या बाजूला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ आठवा. १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने ते केले तेव्हा त्याच्या नव्या चालींनी मराठी रंगभूमी भारावून गेली होती. आज ते कोणी करत नाही. चाली गाजल्या म्हणून नाटक जगत नसते.

देवलांच्या पदांबद्दलही बोलायलाच हवे. ती गोड आहेत हे खरे, पण त्यांचा गोडवा आजच्या नाट्यपदांच्या मैफलीतून नीट कळणार नाही. तिथे पद येते, आलापीने फुलते, टाळी घेते. कोण कोणाला काय म्हणत होते ते कुठेच नसते. ‘शारदा’तली पदे साकी, दिंडी, ओवी आणि बायकांच्या गाण्यांच्या वळणावर चालतात. त्या मुली माजघरात जे गुणगुणत असतील त्याच चालीत आपले दुःख आणि आपली थट्टा सांगतात. ‘वीरतनय’ने पारशी चालींची ओढ लावल्यावर अवघ्या तीन वर्षांत, त्याच कंपनीसाठी, देवलांनी पुन्हा घरगुती चालींकडे वळावे हा त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. म्हाताऱ्याच्या पैशांसाठी विकली जाणारी मुलगी परक्या चालीत गायली असती तर तिच्यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

आता ‘शारदा’. १८९९ मध्ये इंदूरला पहिला प्रयोग झाला. या नाटकावरचा आरोप इतरांच्या नेमका उलटा आहे: इथे गोष्ट उसनी नाही, तर म्हणे ती वर्तमानपत्रातली. सांगलीकडच्या एखाद्या खऱ्या लग्नावरून हे नाटक सुचले अशा आख्यायिका पुष्कळ ऐकायला मिळतात. म्हणजे देवलांनी गोष्ट घेतली तर ते नक्कल करणारे, आणि भोवतालातून उचलली तर ते वार्ताहर. या मापात बसेल असा नाटककार मला कुठल्याच भाषेत माहीत नाही.

नाटक कालबाह्य झाले म्हणणाऱ्यांचा आधार कायद्याचा. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो, आणि तो या नाटकावरून तसा ओळखला जातो असे मानणारे लोक मला वारंवार भेटतात. ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडांचे. त्या कायद्याने मुलीचे किमान वय चौदा केले. पुढे १९७८ मध्ये ते अठरा झाले. चांगलेच झाले. पण कायदा वय मोजतो. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला पंचाहत्तरीच्या धनाढ्य माणसाला द्यायला आजही कायद्याची आडकाठी नाही. ‘शारदा’चा प्रश्न त्या मुलीला कोणी विचारले का, हा आहे. म्हाताऱ्या वराला, भुजंगनाथाला, विचारले जाते, बापाशी, कांचनभटाशी, पैशांचा सौदा होतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, आई इंदिराकाकू जीव तोडून विरोध करते आणि तिचे कोणी ऐकत नाही. शारदेचे मत या व्यवहारात कुठल्याच रकान्यात मांडलेले नसते.

आणि ज्यांना वयाचाच मुद्दा जिव्हाळ्याचा वाटतो त्यांच्यासाठी: २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रातल्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले. पाचांतल्या एकीहून जास्त. हे नाटक ज्या राज्यात शिकवले जाते त्याच राज्यातली ही संख्या आहे. अशा वेळी ‘शारदा’ला इतिहासजमा म्हणणे ही मला वाङ्मयीन चूक वाटत नाही, ती त्याहून मोठी चूक वाटते.

‘शारदा’वर एक खरोखर जाणता आक्षेप आहे. लग्न मोडते ते वर सगोत्र निघाला म्हणून, आणि शारदेचे कोदंड या तरुणाशी लग्न शेवटी लागते ते शंकराचार्यांच्या संमतीने. म्हणजे सुधारणेचे नाटक धर्मशास्त्राच्या कुबडीवर चालते, असे टीकाकार म्हणतात. मी वर्षानुवर्षे हे नाटक वर्गात शिकवले आहे, आणि या ठिकाणी विद्यार्थिनींना काय वाटते ते नेहमी जवळून पाहिले आहे. त्यांना ती कुबडी वाटत नाही. त्यांना राग येतो. नातीच्या वयाची मुलगी म्हाताऱ्याला विकली जात असताना मंडपातला एकही माणूस हलत नाही. गोत्र एक निघाले हे कळताच सगळे हादरतात. मुलीचे रडणे या समाजाला ऐकू येत नाही, गोत्राचा दोष मात्र लगेच ऐकू येतो, हे देवलांनी एका प्रसंगात उघडे केले. आणि त्यावर ते थांबले नाहीत. लग्न मोडल्यावर शारदेची सुटका होत नाही. अर्धे विधी झालेली ती मुलगी ना कुमारिका, ना बायको, ना विधवा. तिला कोणी करून घेणार नाही. ज्या शास्त्राने तिला वाचवले त्याच शास्त्राने तिला कुठेच जागा ठेवली नाही, म्हणून ती नदीकडे जाते. प्रचारनाट्य लिहिणाऱ्याने मोडलेल्या लग्नावर टाळ्यांचा पडदा पाडला असता. देवलांनी प्रेक्षकाला टाळी वाजवू दिली आणि लगेच त्याला मुलीच्या मागे नदीपर्यंत चालायला लावले. शंकराचार्यांचा निर्णय त्यानंतर येतो, आणि १८९९ च्या प्रेक्षकाला नाटकगृहातून बाहेर पडताना “हे अधर्म्य आहे” असे म्हणायला जागा राहू नये म्हणून येतो. ती लढाईतली चाल होती. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यावरून पुण्यात केवढा गदारोळ माजला होता हे ज्याने अनुभवले, त्याने ती खेळली.

म्हणून ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ बसवणाऱ्यांना माझे मागणे आहे. वेळेच्या नावाखाली पदे ठेवून प्रवेश कापू नका. सगोत्राचा बोभाटा आणि नदीकाठ यांच्यामधली ती रिकामी वेळ पूर्ण ठेवा. इंदिराकाकूंच्या तोंडचे शब्द ठेवा. रेवती आणि अश्विनशेट यांच्या भांडणाचा प्रवेश दोन पदांमधला दुवा म्हणून उरकू नका. तिथे सावकाश जा. आणि ‘दुर्गा’, ‘झुंजारराव’ निदान अभिवाचनात तरी आणा, म्हणजे ‘सहा उसनी’ म्हणणाऱ्यांना ती सहा ऐकून बोलता येईल.